काम नसलेल्या दिवसांची तालीम

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोबतचा तुझ्या अभिनयाचा व्हिडिओही नीट पाहिला. 'माझ्यात ते आहे का, एवढंच सांगा' असं लिहिलं आहेस. दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर त्याच्यापासून जरा जपून राहा. त्यापेक्षा मीच तुला विचारते, तुला तालीम आवडते का? प्रयोग नव्हे, टाळ्या नव्हेत, तालीम. तोच प्रवेश, तीच एंट्री, तेच वाक्य, दिग्दर्शक परत म्हणतो 'पुन्हा', आणि कंटाळा येण्याऐवजी तुला त्या वाक्यात आणखी काहीतरी सापडतं, असं होतं का? होत असेल तर पुढचं सावकाश वाच. फक्त पडद्यावर दिसायची ओढ असेल तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही, पण तेवढ्या ओढीवर हा व्यवसाय फार दिवस रेटता येत नाही.

कारण या व्यवसायात प्रत्यक्ष कामापेक्षा काम शोधण्यात आणि वाट बघण्यात जास्त दिवस जातात. चांगलं नाव झालेल्यांचेही जातात. मैफल नसली तरी गायक सकाळी तानपुरा जुळवून बसतो. नट मात्र काम नसलं की फोनकडे बघत बसतो, आणि सहा महिन्यांनी बोलावणं आलं की गंजलेला आवाज आणि जड झालेलं शरीर घेऊन ऑडिशनला जातो. हे मी इतक्या गुणी मुलांच्या बाबतीत पाहिलंय की तुला बाकी काही सांगितलं नाही तरी चालेल, पण हे सांगायलाच हवं. काम नसलेल्या दिवशी तू काय करतेस, त्यावर पुढचं बरंचसं ठरणार आहे.

आवाजापासून सुरुवात कर. रोज मोठ्याने वाच. कथा वाच, बातमी वाच, कविता वाच, काहीही चालेल. वाचताना वाक्याच्या शेवटाकडे कान दे. आपल्या भाषेत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागून येतो, आणि नवख्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. 'मी त्याला भेटायला गेले नाही' यातलं 'नाही' घशात राहिलं तर मागच्या रांगेतला प्रेक्षक उलटाच अर्थ घेऊन बसेल. तुझ्या व्हिडिओत हे तीन ठिकाणी झालंय. बरगड्या फुलवून पुरेसा श्वास घे, तो कुठे घ्यायचा हे संहितेवर पेन्सिलने खूण करून ठेव, आणि शेवटचा शब्दही पहिल्या शब्दाइतकाच पोचतोय ना, ते रेकॉर्ड करून तपास.

मग संहिता. रडायचं कसं, रागवायचं कसं, असं विचारलं आहेस. प्रश्न असा मांडलास की हाती काही लागत नाही. 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभारणाऱ्या दोघांपैकी एक, स्तानिस्लाव्स्की, नटांना भावना थेट पकडायला जाऊ नका म्हणून बजावत असे. आधी परिस्थिती बघा, मी इथे असतो तर काय केलं असतं ते विचारा, आणि या पात्राला या क्षणी समोरच्याकडून काय हवंय ते शोधा. 'दार उघडं आहे' हे एवढंसं वाक्य घे. समोरच्याला घालवून द्यायचंय म्हणून बोल. मग तोच माणूस कधीपासून बाहेर ताटकळत होता आणि तुला तो आत यायला हवाय, असं धरून बोल. मग आत कुणीतरी लपलंय आणि तू त्याला सावध करते आहेस, असं धरून बोल. आवाज मुद्दाम बदलू नकोस. समोरच्याला काय करायला लावायचंय तेवढंच मनात पक्कं ठेव. सूर आपोआप बदलेल, पावलंही बदलतील. 'दुःखी दिसायचं' हे करता येत नाही. 'त्याला थांबवायचं' हे करता येतं.

आता तुझ्या व्हिडिओतली सगळ्यात मोठी अडचण. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच तुझ्या चेहऱ्यावर तुझं पुढचं वाक्य आलेलं असतं. तू ऐकत नाहीस, पाळी यायची वाट बघतेस. यावर न्यूयॉर्कचे अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइसनर यांनी बसवलेला एक सराव आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने समोर खरोखर जे दिसतंय ते म्हणायचं, 'तू खांदे वर ओढले आहेस.' दुसऱ्याने तेच, 'मी खांदे वर ओढले आहेत.' हेच एकमेकांना म्हणत राहायचं, आणि मुद्दाम काहीही बदलायचं नाही. थोड्या वेळाने चीड येते, हसू येतं, कुणी दुखावतंसुद्धा, आणि ते वाक्यात उतरतं. कुणीही ठरवून आणलेलं नसतं, समोरच्याकडून आलेलं असतं. त्यासाठी एक जोडीदार शोध. एकटीने आरशासमोर केलेला सराव तुला स्वतःकडे बघायची सवय लावतो, आणि नटाला ती सवय महागात पडते.

कॅमेऱ्यासमोरचं काम रंगमंचापेक्षा सोपं असतं असं तू लिहिलं आहेस, ते मला अजिबात पटलेलं नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख, ओढ दिसली, असं तो प्रयोग सांगतो. म्हणजे क्लोज-अपमध्ये निम्मं काम प्रेक्षकच करत असतो. तुझ्या भुवया त्याच्यासाठी काहीच शिल्लक ठेवत नाहीत. भुवया शांत ठेव आणि विचार मात्र खरा कर, तो डोळ्यांत दिसतो.

शिवाय तांत्रिक शिस्त. समज, एका प्रवेशात तू 'उद्या' म्हणताना कप उचललास. लांबच्या शॉटमध्ये उचललास, तर जवळच्या शॉटमध्येही त्याच शब्दाला, त्याच हाताने, तेवढाच उचलावा लागतो, नाहीतर संकलकाला तो तुकडा जोडता येत नाही आणि तुझा सगळ्यात चांगला टेक वाया जातो. खाली न बघता जमिनीवरच्या खुणेवर येऊन थांबायचं असतं. शेवटचा प्रवेश कधीकधी पहिल्याच दिवशी चित्रित होतो, तेव्हा पात्र कथेत कुठून कुठे आलंय हे तुलाच माहीत असायला हवं. घरी जोडीदाराबरोबर हातात कप घेऊनच पाठांतर करत जा.

सेल्फ-टेपबद्दल, म्हणजे घरीच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनबद्दल, थोडक्यात. साधी भिंत, चेहऱ्यावर समोरून उजेड, आवाज स्वच्छ. समोरची वाक्यं वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी राहू दे, म्हणजे तुझे डोळे दिसतील. तिने कॅमेऱ्याबाहेरून, तुझ्यापेक्षा हलक्या आवाजात वाचावं. सूचना दिल्या असतील तर त्या तंतोतंत पाळ. यात पार्श्वसंगीत वगैरे घालायच्या फंदात पडू नकोस.

नकार येतील, आणि बहुतेक वेळा तो नकार आहे हेही कुणी कळवणार नाही. तुझं काम उत्तम होऊनही भूमिका जाते, कारण नायकाची उंची कमी असते, किंवा आधीच घेतलेल्या आईच्या चेहऱ्याशी तुझा चेहरा जुळत नाही. ऑडिशन झाली की त्याच दिवशी वहीत लिही, काय ठरवलं होतं, काय साधलं, कुठे निसटलं. मग तो विषय सोड. 'काही कळलं का?' म्हणून दिवसाआड मेसेज पाठवू नकोस. वाईट वाटेल, ते वाटू दे. त्यासाठी मन घट्ट करायला जाऊ नकोस, नटाला ते मन उघडंच लागतं.

पैशांचं स्पष्ट बोलते. अभिनयाच्या मिळकतीवर लगेच अवलंबून राहू नकोस. वेळ हलवता येईल असं दुसरं काम धर: शिकवणी, भाषांतर, आवाज देणं, काहीही. भाडं थकलेला माणूस ऑडिशनला गेला की त्याची गरज त्याच्या चेहऱ्यावर दिसते, आणि तो नको त्या अटींवर सही करतो. भूमिका द्यायला पैसे मागणारा, मग तो त्याला नोंदणी म्हणो, ओळखपत्र म्हणो की ठराविकच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ म्हणो, काम देणारा नसतो. काम देणारे तुला पैसे देतात. भेट कामाच्या जागीच आणि दिवसा ठेव, कुठे जातेस ते कुणाला तरी सांगून जा, आणि खोलीवर ये म्हटलं तर जाऊ नकोस. 'एवढी तडजोड करावीच लागते' असं जे सांगतात ते तुझ्या भल्याचं सांगत नाहीत, त्यांच्या सोयीचं सांगतात.

करार पूर्ण वाच. मानधन कधी मिळणार, किती काळ दुसरीकडे काम करता येणार नाही, हे तर बघच, पण तुझा चेहरा आणि आवाज यांची डिजिटल प्रतिकृती करायचा हक्क कुणाला दिला आहेस तेही बघ. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने 118 दिवस संप केला, त्यात हा मोठा मुद्दा होता. नव्या मुलांच्या करारात अशी कलमं बारीक अक्षरात येऊ शकतात. समजलं नाही तर सही करण्याआधी वकिलाला दाखव.

आणि अभ्यासक्रमाला जाऊ का, हा तुझा शेवटचा प्रश्न. जमत असेल तर जा. काम मिळेल म्हणून नव्हे, तिथे चुका करायला वेळ मिळतो आणि बरोबरीने राबणारी माणसं मिळतात म्हणून. जमत नसेल तर एखाद्या नाट्यसंस्थेत शिर. पहिलं वर्षभर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेल्या नटाला आतून वाक्य सुचवायचं काम, किंवा बॅकस्टेज मिळालं तरी घे. विंगेतून एकाच नटाचे पाठोपाठचे प्रयोग बघ. तो काल कुठे थांबला होता, आज कुठे थांबला, आणि प्रेक्षक कधी त्याच्याबरोबर आला, हे तिथून जितकं दिसतं तितकं कुठल्या वर्गात दिसत नाही.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळव. कुठला उतारा निवडलास, समोर वाचायला कोण मिळालं, आणि पोटापाण्याचं काय ठरवलंस. व्हिडिओ इतक्यात नको. आधी महिनाभर त्या जोडीदाराबरोबर बस, मग दोघांचा मिळून एकच प्रवेश पाठव, आणि तो चित्रित करताना कॅमेरा त्याच्यावर ठेव. तो बोलत असताना तू काय ऐकतेस ते मला त्याच्या चेहऱ्यावर बघायचंय.

कळावे, लोभ असावा.