यमक जुळणारे इंग्रजी शब्द कसे शोधावेत आणि त्यांचे अर्थ कसे समजून घ्यावेत?

इंग्रजीत यमक कानाने ओळखावे लागते, स्पेलिंग पाहून नव्हे. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' हे शब्द कागदावर सारखे दिसले तरी 'टफ'चे यमक 'स्टफ'शी, 'थ्रू'चे 'ब्लू'शी आणि 'दो'चे 'गो'शी जुळते. नियम असा, की शब्दात ज्या स्वरावर शेवटचा ठळक आघात येतो, तिथपासून पुढचा सगळा उच्चार सारखा असावा आणि त्या स्वराआधीचे व्यंजन मात्र वेगळे असावे; म्हणून 'नेशन' आणि 'स्टेशन' यांचे यमक पक्के ठरते.

शोधासाठी 'ऱ्हाइमझोन' हे संकेतस्थळ मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण तिथे शब्द अवयवांच्या (म्हणजे सिलॅबलच्या, एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या) संख्येनुसार मांडलेले असतात आणि अर्थही पाहता येतो. छापील यमककोशांची परंपराही जुनी आहे. जॉन वॉकर यांनी 1775 मध्ये शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेला कोश प्रसिद्ध केला होता.

अर्थाच्या बाबतीत घाई करू नये. 'नाइट'शी जुळणारा 'लाइट' घेतला, तर तो नाम म्हणून प्रकाश, विशेषण म्हणून हलका किंवा फिकट, आणि क्रियापद म्हणून पेटवणे असे निरनिराळे अर्थ देतो. तेव्हा कोशातला पहिलाच अर्थ उचलण्याऐवजी त्याखालचे उदाहरणवाक्य वाचावे, आणि तो शब्द आपल्या ओळीत नाम म्हणून येतो की क्रियापद म्हणून, हे ठरवूनच वापरावा.