पहिला येतो, तरी वरच्या क्लासला जायला पाय उचलत नाही

"मॅडम, मी घाबरट आहे की शहाणा, एवढंच सांगा." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने विचारलं. हौशी मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या मोटरसायकल रेस, खेळणारा, पंचविशी नुकतीच ओलांडलेला मुलगा. नाव सांगणार नाही, गाडीवरच्या नंबरानेच बोलू, आणि तोही बदललेला: सत्तेचाळीस.

नोव्हिस म्हणजे नवशिक्यांच्या क्लासमध्ये मागच्या सहापैकी चार रेस त्याने जिंकल्या होत्या. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, टोमणे सुरू झाले होते: "पोरासोरांत खेळून किती ट्रॉफ्या जमवणार?" त्याची गाडी सांभाळणारा थोरला भाऊ उलट म्हणत होता, सीझन संपू दे, चॅम्पियनशिप हातातोंडाशी आली आहे. काही क्लबांत ठरावीक गुण झाले की आयोजकच रायडरला वर ढकलतात, तिथे हा घोळच नसतो. याच्या क्लबात निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. आणि एकदा वर गेलं की खाली यायला बहुतेक ठिकाणी आयोजकांची परवानगी काढावी लागते, म्हणून पाऊल जड झालेलं.

मी स्वतः मोटरसायकल चालवत नाही, हे त्याला आधीच सांगितलं. जंप कशी मारायची ते मी सांगू शकत नाही. पण हे रायडर वह्या ठेवतात आणि वह्या मला वाचता येतात. पुढच्या वेळी त्याने वही आणली. कोपऱ्यांवर ऑइलचे अंगठे, प्रत्येक रेसच्या पानावर टायमिंगचा कागद चिकटवलेला, आणि खाली एका शब्दात निकाल: "भारी", "ठीक", नाहीतर "बेकार".

मी "बेकार" पासून सुरुवात केली. मला तीच सवय आहे. त्या रेसमध्ये पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी हँडलमध्ये अडकून तो पडला होता, उठला तेव्हा शेवटून दुसरा होता आणि संपवताना तिसरा आला. म्हणून बेकार. शेजारी मी "भारी" वालं एक पान उघडून ठेवलं आणि म्हटलं, दोन्हीकडचे लॅप टाइम मोठ्याने वाच.

भारी: २ मिनिटं ५ सेकंद, २:०६, २:०८, २:१०, २:११.

बेकार: पडला ती लॅप सोडून २:०५, २:०४, २:०४, २:०३.

दुसरी ओळ वाचून झाल्यावर तो गप्प झाला. मग बोट उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं.

"जिंकलास त्या रेसच्या शेवटच्या लॅपला काय करत होतास?"

"मागे बघत होतो. गॅप किती आहे ते."

त्याला सगळ्यात छान वाटलेली रेस त्याने सगळ्यात सुस्त चालवली होती आणि जिची लाज वाटत होती तिच्यात तो खरा रायडर होता. समोर कुणी असलं की हा मुलगा वेगळाच होतो. नोव्हिसमध्ये त्याच्यासमोर आता कुणी उरलं नव्हतं. मग आम्ही "बेकार" रेसच्याच दिवशीचा इंटरमीजिएट, म्हणजे वरच्या क्लासचा, कागद काढला. (ट्रॅक दिवसभर बदलतो, सकाळी ओला असतो आणि दुपारी वळणांत खोल चर पडलेले असतात. म्हणून लागोपाठच्या रेसच ताडून बघायच्या, हे मला त्यानेच शिकवलं.) तिथले मधल्या फळीतले रायडर रेसभर २:०५ ते २:०६ धरून होते. म्हणजे वेग होता, आजच होता.

"मग भीती कसली?" असं मी विचारलं नाही. हा प्रश्न विचारला की माणूस आपली बाजू मांडायला लागतो. मी विचारलं, "वरच्या क्लासची पहिली रेस संपली, तू हेल्मेट काढतोस. डोळ्यांसमोर काय येतं?"

"अकरावा आलोय. आणि दादा गाडी उचलतोय, काहीच न बोलता."

शाळकरी मुलांच्या बाबतीत हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जे मूल जास्त हुशार मुलांच्या शाळेत असतं, त्याचं अभ्यासाबद्दल स्वतःविषयीचं मत खाली जातं. छोट्या तळ्यातला मोठा मासा, असं त्याचं नाव पडलं आहे. सत्तेचाळीसला हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की वर गेल्यावर काही महिने आपण निकामी आहोत असं वाटणार. ते वाटणं म्हणजे निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे. तो हसला, "म्हणजे वाईट वाटणार हे पक्कं." पक्कंच की.

पण आणखी एक भीती पहिल्याच्या आड दडलेली होती आणि ती मला बरोबर वाटत होती. मागच्या सरळ रस्त्याच्या शेवटी एक डबल आहे, म्हणजे एकाच उडीत ओलांडायचे लागोपाठचे दोन उंचवटे. टेबलटॉपवर, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावर, उडी कमी पडली तर गाडी सपाट मातीवर उतरते. डबलच्या मधे खड्डा असतो, तिथे कमी पडलात तर पुढच्या चढावर आदळता. सत्तेचाळीस ती डबल उडवतच नव्हता, रोल करत होता, म्हणजे चाकं जमिनीला टेकवूनच पार करत होता. नोव्हिसमध्ये निम्मे जण रोल करतात, चालून जातं. वरच्या क्लासमध्ये मागचा रायडर तुम्ही उडी मारणार हे धरूनच हवेत येतो, आणि खाली तुम्ही रांगत असलात तर तो तुमच्या अंगावर उतरतो. याला मनाचा कमकुवतपणा म्हणता येत नाही, हे एक राहिलेलं काम आहे. इथे मी धीर देत बसले असते तर गुन्हा झाला असता.

एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती, तीन रेस जिंकलेली. वर जाणं म्हणजे प्रगतीच, असं मी तेव्हा धरून चालले आणि तिला हुरूप दिला. तिचे विजय चांगल्या स्टार्टमुळे होते. गेटमधून पहिली सुटायची आणि पुढे मोकळा ट्रॅक मिळायचा. गर्दीत ओव्हरटेक करायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. वरच्या क्लासमध्ये सगळ्यांचेच स्टार्ट चांगले, रेसही लांब. चार रेसमध्ये तीनदा पडली आणि गाडी विकली. तेव्हापासून मी ट्रॉफ्या मोजत नाही. किती वेळा पडतोस, शेवटच्या लॅपपर्यंत हात जड न होता वेग टिकतो का, मागून येऊन कुणाला गाठलंयस का, पुढे धोका असल्याचा पिवळा झेंडा दिसतो की जोशात सुटतो, हे विचारते. दुखापतीतून नुकता परतलेला असेल, किंवा टोमण्यांनीच पेटून निघाला असेल, तर "थांब" म्हणते.

सत्तेचाळीसचं उत्तर यातल्या बहुतेक ठिकाणी बरं होतं. फक्त डबल राहिली होती. आणि दादा.

दादांना मी एकदा बोलावून घेतलं. मला वाटलं होतं ट्रॉफीचा हट्ट असेल. ते बराच वेळ किल्ली बोटांत फिरवत बसले आणि म्हणाले, "वरच्या क्लासला सस्पेन्शन सेट करणारी जाणकार माणसं असतात, मॅडम. मी आपला चेन साफ करणारा. तिथे त्याला माझा काय उपयोग?" धाकटा शेजारीच बसला होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्या दिवशी मी फारसं बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही.

मग ठरलं ते असं. प्रशिक्षकाबरोबर आधी तेवढ्याच लांबीच्या टेबलटॉपवर सराव करायचा, दहापैकी दहा वेळा पलीकडच्या उतारावर चाकं टेकली की मगच डबल. दरम्यान वयोगटाच्या क्लासमध्ये नाव द्यायचं. तिथे सगळ्या पातळ्यांचे रायडर एकत्र धावतात, त्यामुळे मागे राहण्याची चव क्लास न सोडता घेता येते. आणि वहीत "भारी-बेकार" बंद. त्याऐवजी कुणाला गाठलं, कुठे चुकलो, शेवटची लॅप किती.

वयोगटातल्या पहिल्या मोटोत, म्हणजे पहिल्या रेसमध्ये, तो बारावा आला, दुसऱ्यात नववा. आठवडाभर चिडचिड केली, झोप उडाली, मला दोनदा फोन. डबल पाचव्या आठवड्यात जमली. तेव्हा सीझनच्या दोन रेस उरल्या होत्या आणि चॅम्पियनशिप अजून त्याचीच होती. त्याने नोव्हिसचं नाव काढून घेतलं. मी तरी थांबले असते, खरं सांगायचं तर. दोन रेसने काय बिघडणार होतं? पण तो म्हणाला, त्या दोन रेस मी पुन्हा मागे बघत चालवीन.

महिन्याने वही घेऊन आला. इंटरमीजिएट, चौदावा आणि अकरावा. शेवटच्या लॅपपुढे २:०४ लिहिलेलं. मी विचारलं, दादा काय म्हणाले?

"काही नाही म्हणाला. पिट बोर्ड, म्हणजे रायडरला दाखवायचा फलक, घेऊन उभा होता. इतके दिवस त्यावर मागच्याचा गॅप लिहायचा." त्याने पान माझ्याकडे वळवलं, कोपऱ्यात दादांच्या अक्षरात तीनच शब्द होते, बोर्डवरून उतरवून ठेवलेले: "पुढचा ३ सेकंद".