पेस्टोत तुळस चालेल का?

प्रश्न : ताई, माझ्या लेकीला घरचा पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, आवडतो. बेसिलची इवलीशी जुडी महाग पडते आणि फ्रीजमध्ये दुसऱ्याच दिवशी काळवंडते. गॅलरीत तुळस भरपूर आहे, ती वापरू का? थाई करीतही चालेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : पेस्टोत नको. भाजीवाले ‘इटालियन तुळस’ म्हणून बेसिल गळ्यात मारतात, पण ते सब्ज्याचं सख्खं भावंड. फालुद्यात घालतो तोच सब्जा. दोन्हींचं शास्त्रीय नाव एकच, ऑसिमम बॅसिलिकम. तुळस त्याच गोतातली, पण जात वेगळी. तिच्यात लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य असतं. काढ्यात ते छान. चीज-लसणात घातलंत तर लेक म्हणेल, आई, यात खोकल्याचं औषध सांडलं का?

पानं हातात घेऊन बघा. इटलीतल्या जिनोआकडच्या बेसिलचं पान फुगीर, गुळगुळीत, वास गोडसर. तुळशीच्या पानाची कड दातेरी, देठावर बारीक लव. थाई गोड बेसिलचं पान टोकदार, दांडा जांभळट आणि वास थेट बडीशेपेचा. आपल्याकडच्या सब्ज्याचा वासही बहुतेकदा तसाच, म्हणून थाई हिरव्या करीत सब्ज्याची पानं बिनधास्त घाला. वाण्याकडचं बी उगवतं. कोरडंच भुरभुरवा, वर मातीचा पातळ थर द्या. भिजवलंत तर बुळबुळीत गोळा हाताला चिकटेल. तुरे दिसले की खुडायचे, नाहीतर पानं धरत नाहीत.

तुळशीचीही थाई जागा आहे बरं का. मिरची-लसणावर चिकन परतून शेवटी मूठभर पानं टाकतात, त्या ‘पाड काप्राव’मध्ये असते ती आपलीच तुळस. लागतं झकास! फक्त वृंदावनाला हात लावू नका, स्वयंपाकाची कुंडी वेगळी ठेवा. घरात सासूबाई असतील तर चिकनचं आधी विचारलेलं बरं.

जुडी काळी पडते ती थंडीने. कोथिंबिरीसारखी फ्रीजमध्ये कोंबू नका. देठांची टोकं कापून पाण्याच्या ग्लासात, ओट्यावरच ठेवा. पेस्टोसाठी जिनोआ बेसिलचं बी नर्सरीतून आणा, पण पेरा पावसाळा सरल्यावर. मुंबईच्या जुलैत कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात.