आधी टाईमटेबलमध्ये जागा माग

अगं,
तुझा लांबलचक मेसेज वाचला. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलसाठी 'नावीन्यपूर्ण अध्यापना'चे फोटो हवेत म्हणून कॉलेजवाले मागे लागले, आणि तुला खरंच जे करायचंय, एसवायच्या, दुसऱ्या वर्षाच्या, पोरांना घेऊन गावातल्या विहिरींची पातळी ऑक्टोबरात नि मार्चात मोजायची, त्याला मात्र 'आधी पोर्शन संपवा'. वर तूच विचारतेस, मॅडम माझ्यातच काही कमी आहे का. हा प्रश्न परत विचारायचा नाही.

४८ मिनिटांचा तास, त्यातली दहा हजेरीत जातात, विहिरीपाशी पोचेस्तोवर घंटा. इथे कोणीही काय नवीन करणार? म्हणून सांगते, टाईमटेबलमध्ये सलग दोन तास माग. तोंडी नाही, लेखी. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत आहे, २०१० च्या नियमांत तर संशोधनाला निदान सहा तास द्यावेत असंही होतं. तुझे सोळा भरतात ना? मग त्यातलेच दोन सलग लावून घे, जास्तीचं काही मागत नाहीयेस तू.

रविवारी करते म्हणू नकोस हं. रविवारी केलं की ती तुझी हौस होते, टाईमटेबलमध्ये आलं की कॉलेजचं काम होतं. आणि सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, त्या मुलाला फुकटात सोबत ओढू नकोस, त्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही कधी मिळतील सांगता येत नाही.

मी हेच लावून धरलं तेव्हा स्टाफरूममध्ये मला कायदेवाली म्हणायचे. त्यावेळच्या प्राचार्यांनी दोन समित्या गळ्यात मारल्या, कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल रेंगाळली, माझ्यामागून लागलेले माझ्याआधी प्रोफेसर झाले. वाईट वाटायचं, अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारचे दोन तास मी सोडले नाहीत आणि बरोबरच केलं, त्या तासांत सर्व्हे शिकलेली पोरं आज तालुक्यात मोजणीची कामं करतायत, समित्यांच्या इतिवृत्तांचं काय झालं ते मात्र कोणाला विचारू नकोस.

प्रोबेशनवर आहेस, भीती वाटणार, कळतं मला. म्हणून भांडू नकोस, अर्ज कर. एचओडींमार्फत, आवक क्रमांक घेऊन, आणि टाईमटेबल कमिटी बसायच्या आत, नंतर 'आता छापलं' हे उत्तर ठरलेलं असतं. मसुदा आज रात्री पाठव, त्यात 'नम्र विनंती' एकदाच यायला हवी.