ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फाईलची लिंक मेलने पाठवली तर समोरच्याकडे उघडत नाही. मग अटॅचमेंटच बरी नाही का?

नाही, बरी नाही. तुम्ही लिहिलंय की अंधेरीच्या तुमच्या ऑफिसात लिंक पाठवायचा नियम काढला, निम्म्या लोकांकडे लिंक उघडली नाही, ‘सर्व्हर बंद आहे’ अशी बोंब झाली आणि सगळे परत फाईल जोडायला लागले. सर्व्हर बंद नव्हता हो. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य इतकं ऐकलंय की आता उत्तर लिहायलाच बसलो.

प्रश्नात दिलेली लिंक ‘झेड:\प्रोजेक्ट्स\’ अशी सुरू होते. दुखणं तिथेच आहे. झेड हे सर्व्हरचं नाव नाही. तुमच्या संगणकाने त्या शेअरला, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला, दिलेलं ते अक्षर आहे. शेजारच्या टेबलावर तोच शेअर वाय असेल, अकाउंट्समध्ये एस असेल आणि नवीन आलेल्या मुलीकडे अजून जोडलेलाच नसेल. कुरिअरवाल्याला ‘आपल्या नेहमीच्या टपरीसमोर’ असा पत्ता देण्यातला प्रकार आहे हा.

खरा पत्ता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो: \\सर्व्हरचं नाव\शेअरचं नाव\फोल्डर\फाईल. तो माहीत नसेल तर ‘धिस पीसी’ उघडा, ड्राइव्हच्या नावातच कंसात सर्व्हरचं नाव दिसतं. किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ टाईप करा. कुठलं अक्षर कुठल्या शेअरला लावलंय याची यादीच येते. शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावर येणारं ‘कॉपी ॲज पाथ’ कामाचं आहे, पण झेडमध्ये उभं राहून वापरलं तर ते झेडचाच पत्ता देतं. एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये \\सर्व्हर टाईप करून त्या वाटेने फाईलपर्यंत जा आणि मग कॉपी करा.

दुसरं दुखणं मोकळ्या जागेचं. फोल्डरचं नाव ‘साइट बिल्स’ असेल तर आउटलुक ‘साइट’पर्यंतच निळी रेघ ओढतं आणि ‘बिल्स’ काळंच राहतं. समोरचा क्लिक करतो, फोल्डर सापडत नाही, फोन तुम्हाला. यावर दोन उपाय. कंट्रोल-के दाबा आणि पूर्ण पत्ता खालच्या ॲड्रेसच्या चौकटीत चिकटवा, किंवा पत्त्याच्या दोन्ही टोकांना ‘पेक्षा लहान’ (<) आणि ‘पेक्षा मोठा’ची (>) टोकदार चिन्हं लावा. कॉपी ॲज पाथने लावलेली अवतरणचिन्हं आधी काढा. वाक्याच्या शेवटी लिंक आली की पूर्णविरामही तिच्यात शिरतो, तोही टोकदार चिन्हांमुळे बाहेर राहतो. फाईलच्या नावात हॅशचं चिन्ह (#) असेल तर मात्र इलाज नाही. ऑफिसचे प्रोग्राम हॅशच्या पुढचा भाग ‘फाईलच्या आतली जागा’ समजतात. ‘बिल #१२’ असली नावं आधी बदला.

मराठीत नावं ठेवत असाल तर एक गंमत. लिंक कोडमध्ये बदलली की देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांचा होतो. ‘अहवाल’ हा एवढासा शब्द काना धरून ४५ अक्षरं खातो. विंडोजची पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, एक्सेलची तर त्याहून कमी, २१८. त्यात कोड मोजत नाहीत, मूळ अक्षरंच मोजतात. पण मेलमधली लिंक तीन ओळींची झाली की मध्येच तुटते आणि ती वाचून कोणालाही काही कळत नाही. फोल्डरांची नावं इंग्रजीत आणि आखूड ठेवा. भाषेवरचं प्रेम फाईलच्या आत दाखवा.

आता अटॅचमेंटबद्दल, कारण ‘अटॅचमेंट म्हणजे कसं, हातात असतं’ हा युक्तिवाद आमच्या लोअर परळच्या ऑफिसात एक बिलिंगवाले साहेब आजही करतात. इंटिरिअरच्या एका कामाची बीओक्यूची (म्हणजे कुठला माल किती लागणार त्या यादीची) एक्सेल फाईल होती, ८ एमबीची. ती त्यांनी ४० जणांना जोडून पाठवली. ऑफिसचे मेल सांभाळणारा एक्स्चेंज सर्व्हर पूर्वी अशा वेळी एकच प्रत ठेवून सगळ्यांना तीच दाखवायचा. २०१०च्या आवृत्तीपासून ती सोय गेली. म्हणजे एका मेलचे ३२० एमबी. मग चार जणांनी आकडे दुरुस्त करून ‘रिप्लाय ऑल’ करत फाईल पुन्हा जोडली. जागेचं सोडा, जागा स्वस्त आहे. चार दुरुस्त्या चार वेगवेगळ्या प्रतींत होत्या आणि त्यातली एकही दुसरीत नव्हती. परचेसने ‘फायनल रिव्हाइज्ड’ धरली, साइटवर ‘फायनल रिव्हाइज्ड २’ पोचली होती, आणि १९ एमएम प्लायचा आकडा दोन्हींत वेगळा. ट्रक साइटच्या गेटवर उभा राहिल्यावर ते कळलं.

त्याच गोंधळात साहेबांचं स्वतःचं काम गायब झालं. त्यांनी फाईल मेलमधूनच डबल क्लिकने उघडली, ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं, दुपारभर दर भरले, सेव्ह केलं. मेलमधून उघडलेली फाईल आउटलुकच्या एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरात उतरते, त्याचं नाव ‘कंटेंट डॉट आउटलुक’. सेव्ह तिथेच झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मेल उघडला तर अर्थातच जुनी फाईल. ‘सर्व्हरने माझा डेटा खाल्ला’ म्हणून ओरडा झाला, आणि त्या फाईलशी सर्व्हरचा काडीचा संबंध नव्हता. तीच फाईल शेअरवर असती आणि शॅडो कॉपी (सर्व्हर अधूनमधून जपून ठेवतो त्या जुन्या प्रती) चालू असत्या, तर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये आदल्या दिवशीची प्रतही मिळाली असती. ‘हातात असतं’ ते हे असं.

परवानगीचं थोडक्यात. लिंक पाठवल्याने कोणाला प्रवेश मिळत नाही. शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी अशा दोन पायऱ्या असतात, आणि दोन्हींत जी कडक ती लागू होते. पगाराच्या शीटची लिंक चुकून सगळ्यांना गेली तरी उघडेल ती एचआरलाच. अटॅचमेंट चुकून गेली तर गेली.

लिंक बरोबर असूनही ‘समथिंग अनएक्स्पेक्टेड वेंट राँग विथ धिस यूआरएल’ असा निरोप येत असेल, तर लिंकमध्ये सर्व्हरचं टिंबवालं पूर्ण नाव किंवा आयपी पत्ता आहे का बघा. जुलै २०२३च्या सुरक्षा अपडेटपासून आउटलुक अशा लिंक अडवतं. सर्व्हरचं बिनटिंबाचं छोटं नाव लिहा, नाहीतर तो सर्व्हर ‘लोकल इंट्रानेट’ किंवा ‘ट्रस्टेड साइट्स’च्या यादीत घालून घ्या. ही आडकाठी उगाच नाही. अनोळखी सर्व्हरच्या लिंकवर क्लिक केलं की विंडोज तुमच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला कोड, वरचं चिन्ह नव्हे) तिकडे पाठवू शकतं. म्हणून बाहेरून आलेल्या मेलमध्ये दोन तिरक्या रेघांची लिंक दिसली तर हात लावू नका.

शॉर्टकट फाईल मेलला जोडायची शक्कल कोणीतरी सुचवेलच. ती फाईल आउटलुक धोकादायक प्रकार म्हणून अडवतं. सोडून द्या.

सर्व्हर बदलला की जुन्या सगळ्या लिंक मेल्या, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा दोष आमच्याच जमातीकडे जातो. डीएफएस नेमस्पेस लावून घ्या, म्हणजे पत्त्यात यंत्राच्या नावाऐवजी डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या अख्ख्या नेटवर्कचं, नाव येतं आणि मागचं यंत्र बदललं तरी पत्ता तोच राहतो. ते नाव टिंबवालं असेल तर तेही वर सांगितलेल्या यादीत घाला. ते जमत नसेल तर निदान डीएनएसमध्ये (नेटवर्कवरच्या यंत्रांच्या नावांच्या नोंदवहीत) सर्व्हरला टोपणनाव द्यायला सांगा. फोल्डरचं नाव बदलल्यावर मात्र लिंक तुटणारच.

आता अटॅचमेंट कुठे हवी तेही सांगतो, नाहीतर साहेब म्हणतील एकतर्फी लिहिलं. सही केलेली पीडीएफ, पाठवलेलं कोटेशन, टेंडरची कागदपत्रं, म्हणजे ‘त्या तारखेला आम्ही हेच दिलं’ असं उद्या सिद्ध करावं लागेल ते जोडूनच पाठवा. लिंकमागची फाईल नंतर कोणीही बदलू शकतं. ऑफिसबाहेरच्या माणसाला सर्व्हरची लिंक पाठवून उपयोग नाही. त्याला अटॅचमेंट द्या, पण जीमेलवरून पाठवायची २५ एमबीची मर्यादा कोड झालेल्या मेलला लागते आणि कोड होताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या पुढे भरवसा धरू नका.

लोकलमध्ये उभ्याने फोनवर मेल वाचणाऱ्याकडेही ही लिंक उघडत नाही. ब्राउझरमध्ये जीमेल वापरणाऱ्याकडेही नाही, कारण क्रोम वेबपानावरून अशा फाईल उघडू देत नाही. जुलैत रुळांवर पाणी भरलं आणि सगळे घरी बसले की व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लावल्याशिवाय कोणाकडेच नाही. तुमचे निम्मे लोक साइटवर असतील तर ती फाईल वनड्राइव्ह, शेअरपॉइंट किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि तिथली लिंक द्या. मात्र ‘एनीवन’ न निवडता ठरावीक लोकांनाच परवानगी द्या. एकाच एक्सेलमध्ये एका वेळी दोघांना लिहायचं असेल तरीही तेच करा. साध्या शेअरवर दुसऱ्याला फाईल ‘रीड ओन्ली’च मिळते, आणि पहिला माणूस ती उघडी ठेवून जेवायला गेलेला असतो.

तुमच्या ऑफिससाठी सुरुवात एवढीच करा: झेडने सुरू होणाऱ्या लिंकवर बंदी, आणि प्रत्येक लिंकखाली फाईलचं आणि शीटचं नाव साध्या अक्षरांत. लिंक तुटली तरी नावावरून फाईल शोधता येते. एवढं करूनही कोणी ‘मला जोडूनच पाठवा’ म्हणालं, तर कुठली आवृत्ती हवी ते त्याच्याकडून मेलवर लिहून घ्या.