जळालेल्या खोलीला रंग दिला. आता राहायला जायचं का?

प्रश्न: कोथरूडला लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. बेडरूममधल्या एसीने पेट घेतला. एसी मालकांचा, जळका वास येतो म्हणून मी त्यांना आधी व्हॉट्सॲपही केला होता. आठवड्यात खोली रंगवून मालक म्हणतात, "राहायला या, नाहीतर लॉक-इनचं (करारात ठरलेल्या किमान मुदतीचं) भाडं डिपॉझिटमधून कापीन." सेक्रेटरी म्हणतात, अग्निशमनचा दाखला आहे, घर सुरक्षित आहे. काय करावं?

उत्तर: सेक्रेटरींची गल्लत होतेय. तो दाखला आग कधी, कुठे लागली, संभाव्य कारण काय, काय जळालं एवढंच सांगतो. त्याची प्रत घ्याच. पण स्लॅब भार पेलेल का, हे महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच लिहून द्यायचं असतं.

रंगाची घाई मला खटकते. काँक्रीट ३०० अंशांपुढे तापलं की बरेचदा गुलाबीसर दिसू लागतं. ही खूण आता पुट्टीखाली गेली. एसीच्या वरचं प्लॅस्टर थोडं फोडून, ठोकून पाहायला सांगा. आवाज पोकळ आला तर पुढच्या चाचण्या इंजिनिअर ठरवतील. वायरिंगचं वेगळं. भिंतीतल्या पाइपात वायरचं आवरण वितळून चिकटतं आणि वरून स्विचबोर्ड नवा कोरा दिसतो. त्या खोलीच्या वायरी बदलून परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागा.

स्लॅबवर वरचं कुटुंबही राहतं, तेव्हा मालकांना पाठवाल त्या पत्राची प्रत सोसायटीला द्या. सगळेच ढिम्म राहिले तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करा. धोकादायक बांधकामाबाबत नोटीस काढण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना १९४९च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आहे.

आता करार. मिळकत नष्ट झाली किंवा कायमची बदलली तर लायसन्स संपतं, असं १८८२च्या सुखाधिकार अधिनियमाचं कलम ६२ सांगतं. एक खोली जळाल्याने ते सहजी लागू होणार नाही. म्हणून रागाच्या भरात चावी टाकून निघू नका, लॉक-इन मोडल्याचा ठपका आयता तुमच्यावर येईल. करारात आगीचं कलम आहे का, एसीची देखभाल कुणावर टाकलीय, ते वाचा. मग मालकांना स्पीड पोस्टाने कळवा: राहायला तयार आहोत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट हे दोन कागद पंधरा दिवसांत द्या, घर वापरता न आलेल्या काळाचं भाडं लागू नाही. भाडं गुपचूप थांबवू नका. जे द्याल ते 'हक्क राखून' असं लिहूनच द्या.

कागद नाहीच आले तर वकिलामार्फत करार संपवा, पोच घेऊन ताबा द्या, आणि डिपॉझिटसाठी तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावा. पोलीस चौकीत हेलपाटे मारू नका, ते काम त्यांचं नाही.

तो व्हॉट्सॲप मेसेज मात्र जिवापाड जपा. मालकांना आधी कळवलं होतं, हे त्यावरूनच दाखवता येईल. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.