चेनसॉ नवीन घेतलास ना? मग आधी हे वाच

साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणात उसळून तोंडावर येतं. म्हणून दोन्ही हातांची घट्ट पकड, डावा अंगठा मुठीखालून वळवलेला, आणि खांद्याच्या वर कधीच उचलायचं नाही. शिडीवर तर नाहीच नाही.

झाड पाडताना पडायच्या बाजूला जाडीच्या पाचव्या हिश्शाइतकी खाच घे. मागचा काप आरपार नेऊ नकोस. मध्ये दहावा हिस्सा लाकूड राहू दे. तीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती तुटली की झाड त्याच्या मर्जीने जातं! मागे तिरकी पळवाट आधीच साफ करून ठेव. दुसऱ्या झाडात अडकलेल्या खोडाखाली शिरू नकोस, जाणत्याला बोलाव.

हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, आवाज अडवणारी कानझाकणं, बूट आलेच. आंबा, फणस, साग असेल तर महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगी आधी काढ.